अध्यक्षांनी ओतलेला पाऊस

इंदू गेल्याची बातमी मला एका चित्रातून कळली. सकाळी चहा गाळत होते. फोन वाजला, शाळेच्या जुन्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं, म्हणून चष्मा लावला. निळ्या रंगावर पांढरी फुलं, मधोमध ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, डाव्या कोपऱ्यात नखाएवढी इंदू आणि उजवीकडे जाकीट घालून हात जोडलेले, कमरेपर्यंतचे आमचे संस्थाध्यक्ष. क्षणभर मला वाटलं, तेच गेले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला काही दुःख झालं नाही. मग खालचं नाव वाचलं... सौ. इंदू रामदास उईके, सहायक शिक्षिका. भांड्यातला चहा तसाच निवत राहिला. तिला तळेगावहून घरी आणणारी गाडी अजून वाटेतच होती. तिच्या लेकीला, पल्लवीला, कोणाला फोन करायचीही शुद्ध नव्हती. तेवढ्यात यांच्या माणसांनी चित्र तयार करून, साहेबांचा फोटो लावून ते गावभर फिरवलंसुद्धा होतं.

मी प्रमिला. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. इंदू त्याच शाळेत विज्ञान शिकवायची, आणि ती माझी मैत्रीण होती. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीच्या संपादकांनी ‘मॅडम, चार हृद्य शब्द लिहून द्या’ असं सांगितलं आहे. हृद्य शब्द माझ्याजवळ आहेत, पण घशात जे अडकलं आहे ते आधी बाहेर काढल्याशिवाय ते निघायचे नाहीत. अध्यक्षांचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. भीतीने नव्हे. ते नात्याने माझे चुलत दीर लागतात, आणि माझं माहेरही याच गावचं, मी त्यांना नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ओळखते. नाव लिहिणार नाही, कारण छापून आलेलं स्वतःचं नाव त्यांना जेवणापेक्षा जास्त आवडतं. कोणाच्या वास्तुशांतीची बातमी आली तरी उपस्थितांमध्ये आपण आहोत की नाही, ते बोट फिरवून पाहतात. आज रविवारी सकाळीही ते हे पान उघडून बोट फिरवतील. फिरवा म्हणावं. शेवटपर्यंत फिरवा.

इंदू शाळेत आली तेव्हा मी तिथे जुनी झाले होते. तिचे वडील जंगलखात्याच्या रोपवनात मजुरीला जायचे, घरात गोंडी बोलायचे. ती मुलगी डी.एड., बी.एस्सी., बी.एड. असं एकेक करत, मधे नोकऱ्या करत इथवर पोचली होती. शिक्षकांच्या खोलीत ती फार बोलायची नाही. डबा खाऊन झाला की वरांड्याच्या कडेला जाऊन मान वर करून उभी राहायची. मला वाटलं, एकटी पडली असेल बिचारी, म्हणून शेजारी जाऊन उभी राहिले. “काय पाहून राह्यली वं? कावळा हाये का तिथं?” तर म्हणाली, “ढग पाहून राह्यली.” मी म्हटलं, “त्यात काय पाह्याचं?” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “तेच तं मले मालूम नाई. म्हणून पाहून राह्यली.” हे काहीतरी वेगळं प्रकरण आहे असं मला तेव्हाच वाटलं होतं.

पुढे सहावीच्या वर्गात ढगांचा धडा आला. पुस्तकात चित्र होतं, चित्राखाली नावं होती, आणि पोरांनी ती नावं पाठ करून टाकली होती. तंतुमेघ, पुंजमेघ, स्तरमेघ, धडाधड. इंदूने विचारलं, “आत्ता आपल्या शाळेवर कोणता ढग हाये?” तर सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या आणि पुस्तकात शोधायला सुरुवात केली. हे मला सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तिने पुस्तकं बंद करायला लावली आणि खिचडी खाऊन झाल्यावर वर्ग मैदानात नेला. ताडपत्री अंथरली आणि पोरांना उताणं झोपवलं. दोन-तीन दिवस हेच चाललं. मग कोणाच्या डोळ्यांवर ऊन येतंय, कोणाला झोपच लागतेय असं व्हायला लागलं, म्हणून तिने घरून आरसा आणला. तो साधासुधा आरसा नव्हता. तिच्या लग्नात माहेरून आलेल्या लोखंडी कपाटाच्या दाराचा तो आरसा. रामदासभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतः स्क्रू काढून दिला. ते एसटीत मेकॅनिक, त्यांना काही उघडायचं म्हटलं की आनंदच. मी म्हटलं, “अवं, साडी नेसून कशात पाहशीन आता?” ती म्हणाली, “तू सांगजो न कशी दिसते ते.”

त्या आरशावर तिने ऑइलपेंटने रेघा मारल्या. मधून उभी, मधून आडवी, मग दोन तिरप्या. भाकरीचे करतात तसे आठ तुकडे. आरसा भिंतीच्या सावलीत जमिनीवर ठेवायचा, पोरांनी भोवती बसायचं आणि आठांतले किती तुकडे ढगांनी झाकले ते सांगायचं. सूर्य आरशात येतोय असं वाटलं की सगळ्यांनी तोंड फिरवायचं, हा नियम ती रोज म्हणवून घ्यायची. मग ढगाचा रंग, त्याची जात, वारा कुठून, पाणी पडलं का, हे सगळं वरांड्यातल्या फळ्यावर खडूने लिहायचं. जातींची पुस्तकी नावं पोरांना यायचीच, पण इंदू त्यांना त्यांची नावंही ठेवू द्यायची. कापसाच्या गावातली पोरं ती. बारीक पांढऱ्या रेघांच्या ढगाला ती ‘पिंजलेला’ म्हणायची, खाली दाट पसरलेल्या करड्या ढगाला ‘गोधडी’, आणि शेतात डवरा फिरवल्यावर ओळी दिसतात तशा रांगेत लागलेल्या ढगांना ‘डवरलेलं वावर’. दोन पोरींमध्ये चार तुकडे की पाच असं भांडण लागलं तर इंदू कधी निकाल द्यायची नाही. “तुले चार दिसले, तिले पाच दिसले, दोनी लिहा,” म्हणायची. गावातली म्हातारी माणसं फळ्यासमोर थांबायची आणि विचारायची, “पाणी येते का वं पोरी आज?” पोरी सांगायच्या, “आम्ही सांगत नाई आबा, आम्ही पाह्यतो.” एक आबा वैतागून म्हणाले, “मंग शाळेत कायले जाता?” पण इंदूने पोरांना भाकीत कधीच करू दिलं नाही. जे दिसलं ते लिहायचं, जे व्हावंसं वाटतं ते नाही, एवढंच तिचं शास्त्र होतं. मला त्याचा भलताच फायदा झाला. पावसाळ्याच्या निबंधात ‘आकाशात काळे ढग जमू लागले, मोर नाचू लागले’ हे वर्षानुवर्षं वाचून माझा जीव विटला होता. आमच्या भागात मोर दिसतात, पण निबंधात नाचणारे मोर कोणीही पाहिलेले नव्हते. आता सातवीची ट्विंकल लिहायला लागली, ‘उगवतीकडे दोन तुकडे भरले होते, मावळतीकडे सारं रिकामं होतं, आई म्हणाली कपडे राहू दे बाहेर.’ मी आयुष्यात तपासलेला तो सगळ्यात चांगला निबंध होता.

हे सगळं चालू असताना अध्यक्षांना त्याची खबरही नव्हती. मग कोणीतरी फळ्याचा फोटो काढून कुठेतरी टाकला, जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाला तरी तो आवडला, आणि साहेबांना एकदम हवामानाची गोडी लागली. संस्थेने यंत्रं आणली. तापमापक ठेवायची पांढऱ्या रंगाची फटीफटींची पेटी, वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, चकचकीत पर्जन्यमापक. आता हे कुठे ठेवायचं? इंदू म्हणाली, मैदानाच्या मधोमध, मोकळ्यात, झाडाभिंतीपासून दूर. साहेब म्हणाले, मंचाजवळच्या कडुनिंबाखाली. का? तर उद्घाटनाच्या वेळी पाहुण्यांना ऊन लागू नये. इंदूने समजावलं, “साहेब, झाडाखाली पाऊस मापला तं तो पावसाचा नाई, झाडाचा होते.” साहेब म्हणाले, “मॅडम, पाऊस सगळीकडे सारखाच असते.” शेवटी यंत्रं कडुनिंबाखालीच लागली, भोवती जाळी आली, जाळीला कुलूप लागलं, आणि किल्ली अध्यक्षांच्या कार्यालयात गेली. पोरं आपली पुन्हा आरशाकडे.

उद्घाटन स्नेहसंमेलनात झालं, ऐन हिवाळ्यात. आभाळ इतकं स्वच्छ होतं की आरशात बघायलाही काही नव्हतं. जिल्ह्याहून एक अधिकारी बाई येणार होत्या. त्या यायच्या आधी फोटो काढणाऱ्याने सांगितलं, पोरं पर्जन्यमापकात बघताहेत असा फोटो हवा, पण आत काहीतरी दिसायला पाहिजे. साहेबांनी मंचावरची पाण्याची बाटली उचलली, जाळीच्या आत गेले आणि स्वतःच्या हाताने मापकात पाणी ओतलं. वर पोरांकडे बघून हसलेसुद्धा. हे मी पाहिलं, सगळ्या शिक्षकांनी पाहिलं, आणि फळ्याशी खडू घेऊन उभ्या असलेल्या ट्विंकलनेही पाहिलं. पाहुण्या बाई आल्या, हारतुरे झाले, आणि मंचाकडे जाताना त्या सहज फळ्यासमोर थांबल्या. मोठ्याने वाचायला लागल्या. आकाश: आठांपैकी शून्य. वारा: उत्तरेकडून, हलका. पाऊस: नाही. मापकात पाणी आहे, ते अध्यक्ष साहेबांनी ओतलं आहे.

मग त्या बाई हसल्या. हलकंसं नव्हे, पोट धरून. त्यांनी विचारलं, “हे कोणी लिहिलं?” ट्विंकल पुढे आली. “का लिहिलंस?” ती म्हणाली, “मी पाह्यलं न मॅडम.” भाषणातही बाईंनी तेच सांगितलं, की मी आज इथे जे पाहिलं त्यात ही ओळ मला सर्वांत आवडली, आणि अशी खरी नोंद करायला शिकवणाऱ्या शिक्षिकेचं मी अभिनंदन करते. टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. त्यांचे कान मात्र लाल झाले होते. ते कान मी लहानपणापासून ओळखते. विटीदांडूत डाव गेला की असेच व्हायचे, आणि मग संध्याकाळी कोणाची तरी विटी विहिरीत सापडायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, आणि इंदूला तळेगावच्या शाळेत जायला सांगितलं गेलं. संस्थेची शाळा तीही, पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही समुद्रपूरकडचे, आणि तळेगाव तिकडे आष्टी तालुक्यात. हिंगणघाट, वर्धा, आर्वी अशा गाड्या बदलत जायचं. रोज येणं-जाणं शक्यच नाही. रामदासभाऊंची नोकरी इकडे, पल्लवी नुकतीच आमच्याच शाळेत तासिकेवर गणित शिकवायला लागलेली. मी पदर खोचून साहेबांच्या घरी गेले. म्हटलं, “भाऊजी, हे काय चालवलं तुम्ही?” ते सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. म्हणाले, “वहिनी, तिकडं विज्ञानाले माणूस नाई. पोरायचं नुकसान होते.” मी म्हटलं, “पोरायचं, का तुमच्या कानाचं?” त्यांना ते कळलं, पण त्यांनी न कळल्यासारखं केलं. त्यांच्या बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला, तो मी प्यायले नाही.

तिच्या तळेगावच्या खोलीवर मी एकदा राहायला गेले होते. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला एक खिडकी, दोरीवर दोन साड्या, शेगडी, आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. मला वाटलं होतं, रडेल, शिव्या देईल, मग मीही देईन, दोघी मिळून जरा मोकळ्या होऊ. पण कसचं काय! ती तिथल्या पोरांनाही शाळेच्या गच्चीवर नेत होती. मला सांगायला लागली, “इथल्या पोरायचे डोये भल्ले तेज हायेत वं. डोंगराकून ढग चढते न, ते त्यायले आपल्या आधी दिसते.” मी म्हटलं, “इंदू, तुले राग येत नाई का?” ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. “येते न. पण राग घेऊन वर्गात गेली तं पोरायले वाटते, आपल्यावरच हाये.” मला त्या वेळी तिचाच राग आला होता. एवढ्या मोठ्या अन्यायावर इतकं साधं बोलणं मला सहन होत नव्हतं. रात्री पत्र्याखाली उकडत होतं तरी ती शांत झोपली, आणि मी मात्र तिच्या वाटणीचाही राग एकटीने केला.

त्याच खोलीत ती गेली. एक दिवस सकाळी दार उघडलं नाही, शेजारणीने हाका मारल्या, मग दार तोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी इथे लिहिलं होतं की इंदूला अध्यक्षांनी मारलं. सरळ तसंच. पल्लवीला वाचायला दिलं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मावशी, हे तुमी पाह्यलं का?” मी ती ओळ खोडली. तेव्हा आता मी जे पाहिलं तेवढंच लिहिते. तिला छातीत दुखत होतं का, दुखत असूनही तिने कोणाला सांगितलं नव्हतं, की सांगायला रात्री जवळ कोणी नव्हतं, हे मला ठाऊक नाही. घरी असती तर शेजारी नवरा होता, पलीकडच्या खोलीत लेक होती, हाक मारण्याच्या अंतरावर मी होते. ती घरी नव्हती. तिला तिकडे कोणी पाठवलं, ते वर लिहिलंच आहे. बाकीची बेरीज वाचकांनी करावी.

तिसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा ठेवली गेली. मी भाषण मनातल्या मनात घोकून गेले होते. असं भाषण की साहेबांना गावात तोंड काढायला जागा उरू नये. फाटकातच रामदासभाऊ भेटले. डोळे सुजलेले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “ताई, तुमी बोलू नोका. पल्लवीचे तास हायेत इथं. माझं तं रिटायरमेंट आलं. तेवढंच हाये तिचं.” घोकलेलं सगळं गिळून खुर्चीवर बसले. आणि अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, उईके मॅडम म्हणजे आमच्या संस्थेचं भूषण. म्हणाले, त्यांच्या समाजातून इतकं शिकून पुढे येणं सोपं नव्हतं, पण संस्थेने त्यांना संधी दिली. म्हणाले, हवामान निरीक्षणाची कल्पना आम्ही दोघांनी मिळून राबवली. मग म्हणाले, “मॅडमचा त्याग एवढा मोठा, की त्यांनी स्वतःहून तळेगावसारख्या लांबच्या शाळेत जाण्याची इच्छा व्यक्त केली...”

“नाही साहेब.” आवाज मागून आला. पल्लवी उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “आईनं मागितलं नव्हतं. तुम्ही पाठवलं. निरोप आला तेव्हा मी घरीच होते.” एवढंच बोलली आणि खाली बसली. रामदासभाऊंनी डोळे मिटून घेतले. साहेब म्हणाले, “दुःखात माणूस काहीही बोलते, आपण समजून घेऊ,” आणि तिच्या नावाने एक दालन बांधण्याची घोषणा करून टाकली. दुसऱ्या दिवशी शिपायाने घरी येऊन निरोप दिला की पल्लवी मॅडमचे तास सध्या लागलेले नाहीत, कळवू तेव्हा यावं. निरोप सांगताना तो बिचारा स्वतःच ओशाळला होता.

निरोप ऐकला आणि मी तडक शाळेत गेले. आता माझ्या तोंडाला कुलूप घालायला कोणाचा तास उरला नव्हता. तोंडाचा पट्टा सोडायचा या तयारीने मी कार्यालयात शिरले आणि तिथेच थबकले. साहेब हात धुवायच्या बेसिनसमोर उभे राहून केस विंचरत होते, आणि समोर खिळ्याला टांगलेला होता इंदूचा आरसा. इंदू तळेगावला गेल्यावर सामानाच्या खोलीतून कोणीतरी आणून तिथे लावला असणार. ऑइलपेंटच्या रेघा घासून घासूनही निघालेल्या नव्हत्या. त्या आठ तुकड्यांमध्ये साहेबांचं तोंड... एका तुकड्यात मिशी, एकात कान, एकात अर्धा डोळा. मला इतकं हसू आलं की येताना जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले. पुढे झाले, त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि आरसा खिळ्यावरून काढला. “वहिनी, हे काय करून राह्यल्या?” “माझ्या मैत्रिणीच्या लग्नातल्या कपाटाचा हाये. तिच्या माहेरचा.” “घरातली गोष्ट हाये, घरात बोलू,” ते मागून म्हणत राहिले. तो जड आरसा काखेत मारून मी शाळेच्या मैदानातून, कडुनिंबाखालच्या त्या जाळीसमोरून, सगळ्या वर्गांच्या खिडक्यांदेखत चालत बाहेर आले. खिडक्यांत पोरं गोळा झाली होती. आता तो माझ्या गच्चीवर असतो. रविवारी गल्लीतली पोरं येतात, पल्लवीही येते.

राहिली तेरवी, तेराव्या दिवसाचं जेवण. ऐन दुपारची पंगत, ऊन नुसतं भाजून काढत होतं. घरासमोर मांडव घातला होता. मी पहिल्याच रांगेत बसले होते, रामदासभाऊ भाजीची बादली घेऊन वाढत होते, पल्लवीच्या हातात पाण्याचा जग होता. तेवढ्यात गाडी थांबली. साहेब उतरले, मागोमाग कॅमेरा गळ्यात घातलेला माणूस. मांडवाबाहेर जोडे काढून ते कडेला येऊन उभे राहिले. आमच्याकडे दारात माणूस आलं की समोर जो असेल तो ‘या’ म्हणतो. वैरी असला तरी म्हणतो, मयताच्या घरी तर म्हणतोच म्हणतो. एका अक्षराचं काम ते. पण ते अक्षर ऐकल्याशिवाय कोणी पाऊल आत टाकत नाही. रामदासभाऊंनी मान वर करून साहेबांकडे पाहिलं. पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. पुढच्या पानावर भाजी वाढली. ते बोलले नाहीत म्हणून त्यांच्या मागचे वाढपी बोलले नाहीत, ते बोलले नाहीत म्हणून पंगत बोलली नाही. मी तर नात्याने त्यांची वहिनी. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पुरीचा तुकडा मोडला.

साहेब उन्हात तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभे होते. एक पाय उचलायचे, ठेवायचे, मग दुसरा उचलायचे. कॅमेरावाल्याला कळेना फोटो काढावा की नाही. शेवटी साहेबच मोठ्याने म्हणाले, “रामदासजी, पोरीले सोमवारपासून पाठवा. तास लावून देतो. पुढं पर्मनंटचंबी पाहू आपण.” सगळ्या पंगतीने माना वळवून पल्लवीकडे पाहिलं. त्या घराला त्या नोकरीची किती गरज आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती, मीसुद्धा नाही. पल्लवीने वडिलांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली, अगदी थोडीशी. रामदासभाऊंनी बादली खाली ठेवली. मांडवाच्या कडेपर्यंत चालत गेले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “साहेब, जोडे घालून घ्या. पाय पोळतीन.” आणि परत फिरून त्यांनी बादली उचलली.

साहेबांनी जोडे घातले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, मग गाडी वळल्याचा. पंगतीत पुन्हा बोलणं सुरू झालं, वाढणाऱ्यांच्या हाका सुरू झाल्या. रामदासभाऊ बुंदीचं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन वाकले. म्हणाले, “ताई, इंदू असती तं मले रागावली असती. तिनं त्याले बसवून आधी जेवू घातलं असतं.” खरं होतं ते. तिने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं असतं, आग्रह करून वाढलं असतं, वर पंखा लावा म्हणून सांगितलं असतं. पण इंदू घरी नसावी, ही व्यवस्था साहेबांनी स्वतःच करून ठेवली होती. तेरवीच्या पंगतीत कोणी मागून घेत नाही, तशी रीतच नाही. मी मात्र म्हटलं, “वाढा भाऊ, अजून वाढा,” आणि पान पुढे केलं.